एका मतासाठी तीन हेलपाटे

४ मार्च २००८ या एका दिवसात मी एकाच उमेदवाराला दोनदा मत दिलं. सकाळी यंत्रावर आणि रात्री कागदावर, दोन्ही अगदी नियमात बसून. अमेरिकेची नागरिक होऊन मला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. इथलं पहिलंच मतदान आणि त्यात दोन मतं! कौतुकानं गावी फोन केला तर वडील म्हणाले, “म्हणजे बोगस मतदान केलंस की गं!”

आम्ही ह्यूस्टनला राहतो. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची टेक्सासातल्या डेमोक्रॅटिक पक्षाची पद्धत त्या वेळी दोन टप्प्यांची होती. दिवसा नेहमीसारखं मतदान, म्हणजे प्रायमरी. मतदान संपलं की रात्री त्याच केंद्रावर सभा, म्हणजे कॉकस. राज्यातून उमेदवार निवडणाऱ्या पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जे १९३ प्रतिनिधी मतांनुसार जायचे, त्यांतले १२६ प्रायमरीवरून ठरायचे आणि ६७ या रात्रीच्या सभांपासून सुरू होणाऱ्या साखळीतून. दिवसा मत दिलेल्यालाच रात्री सभेत बसता यायचं. इथे टू-स्टेप नावाचा एक नाच आहे, त्यावरून लोक या प्रकाराला ‘टेक्सास टू-स्टेप’ म्हणायचे. मला मात्र तहसील कचेरी आठवली. सकाळी या, संध्याकाळी परत या, आणि येताना कागद घेऊन या.

वडिलांना खरं कोडं वेगळंच होतं. “पण तिकीट कोण वाटतं?” हा प्रश्न त्यांनी मला त्या तीन महिन्यांत किती वेळा विचारला असेल! पक्षाचा उमेदवार साधे मतदार ठरवतात, हे त्यांच्या गळी उतरेना. आमच्या सोलापूर जिल्ह्यात उमेदवारी म्हणजे मुंबईच्या वाऱ्या, श्रेष्ठींची भेट आणि शेवटच्या रात्री कुणाच्या तरी गाडीतून येणारा एबी फॉर्म. मी म्हटलं, “अण्णा, श्रेष्ठी इथंही आहेत. सुपरडेलिगेट म्हणतात. आठशेच्या आसपास. त्यांना कुणालाही मत द्यायची मुभा आहे.” तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. “मग तसं सांग की!”

घरात दोन झेंडे होते. मी हिलरी क्लिंटनकडे, नवरा बराक ओबामांकडे. अंगणातल्या हिरवळीवर दोन्ही पाट्या शेजारी शेजारी रोवलेल्या. येणारेजाणारे हसायचे. माझं कारण साधं होतं. व्हिसावर नवऱ्याची आश्रित म्हणून मी इथे काही वर्षं काढली. त्याची नोकरी सुटली तेव्हा पाच महिने घरात आरोग्य विमा नव्हता, आणि त्या पाच महिन्यांत मुलाला ताप आला की मी आधी थर्मामीटर बघायचे आणि मग बँकेची शिल्लक. क्लिंटनबाईंच्या योजनेत विमा प्रत्येकाला सक्तीचा होता. ओबामांच्या योजनेत सक्ती फक्त मुलांपुरती. नवऱ्याचं म्हणणं, सक्ती केली तर लोक बिथरतील. शिवाय २००२ मध्ये क्लिंटनबाईंनी इराक युद्धाच्या ठरावाला मत दिलं होतं, ते त्याला माफ करता येत नव्हतं. यावर आमच्यात रोज रात्री भांडी घासताना वाद. आवाज चढला की मुलगा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

सकाळचं मतदान सोपं झालं. टेक्सासात मतदाराची पक्षवार नोंदणी नसते. केंद्रावरच सांगायचं की मला अमुक पक्षाची मतपत्रिका हवी, की तुमच्या मतदार कार्डावर त्या पक्षाचा शिक्का बसतो. हा शिक्का मला खटकला. आपल्याकडे आयुष्यभर बूथवर काम केलेला माणूससुद्धा तोंडानं ‘मी कुणाला दिलं ते सांगणार नाही’ म्हणतो, आणि इथे चारचौघांत पक्ष सांगायचा! यंत्र म्हणजे एक पाटी आणि तिच्यावर फिरवायची चकती. चार आकडी क्रमांक टाकायचा, चकती फिरवत नावावर यायचं, दाबायचं. ज्यांनी कधीच माघार घेतली होती त्या बायडेन, एडवर्ड्स, रिचर्डसन यांचीही नावं यादीत तशीच होती. मला हवं असलेलं नाव आलं तेव्हा हात थोडा थरथरला, हे खरं. शेवटी लाल बटण. बोटाला शाई नाही, काही नाही. चुकल्या चुकल्यासारखं वाटत बाहेर आले.

रात्रीची सभा सव्वासातला सुरू व्हायची होती. प्रत्यक्षात सव्वासातला मतदानाचीच रांग शाळेच्या दाराबाहेर होती. शेवटचा माणूस मत देईपर्यंत सभा भरवता येत नसे. आम्ही सगळे गाड्यांच्या तळावर उभे. त्या दिवशी राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीत २८ लाखांवर लोकांनी मत दिलं आणि रात्रीच्या सभांना सुमारे दहा लाख आले. एरवी या सभांना दहा-पंधरा टाळकी असायची म्हणे. त्यामुळे आमच्या केंद्रावरच्या स्वयंसेवक आजोबांकडे सह्यांचे तक्ते होते मोजून चार. ते संपल्यावर मुलांच्या वहीतली पानं फाडून त्यावर रकाने आखले: नाव, पत्ता, मतदार क्रमांक, पसंतीचा उमेदवार.

रांगेत माझ्या पुढे आमची शेजारीणबाई होती. आफ्रिकन-अमेरिकन, सत्तरीची, शाळेतून निवृत्त झालेली. दहा वर्षं आमचं एकच कुंपण, पण बोलणं हवापाण्यापलीकडे फारसं कधी गेलं नव्हतं. तिच्या कोटावर ओबामांचा बिल्ला, माझ्या स्वेटरवर हिलरींचा. तिनं माझा बिल्ला बघितला, मी तिचा, आणि दोघींनी हवेवर बोलायला सुरुवात केली. गार वारं होतंच.

नऊ वाजता दार उघडलं. जेवणघरात, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली. सह्या झाल्या की बऱ्याच जणांना वाटलं, संपलं, आणि ते घरी गेले. नवराही सही करून मुलाला जेवायला घालायला गेला. खरं काम तिथून पुढे होतं. अध्यक्ष निवडायचा, सचिव निवडायचा, सह्या मोजायच्या आणि त्या प्रमाणात प्रतिनिधी वाटायचे. आमच्या केंद्राला २२ प्रतिनिधी होते. आधीच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत पक्षाच्या उमेदवाराला पडलेल्या दर १५ मतांमागे एक, असा हिशोब. एकूण सह्या १९०. ओबामा ११८, क्लिंटन ७१, आणि एका सहीसमोर उमेदवाराचा रकाना कोरा.

त्या एका कोऱ्या रकान्यावर अर्धा तास गेला. अध्यक्ष झालेले गृहस्थ म्हणाले, ‘कुणीच नाही’ असं धरू. आमच्या बाजूची एक तरुण मुलगी तावातावानं उठली, ओबामांकडचा एक मुलगा तिच्यावर ओरडला. त्या दिवसांत वातावरणही तसं होतं. रश लिम्बॉ हे उजव्या मतांचे रेडिओवाले आपल्या रिपब्लिकन श्रोत्यांना उघड सांगत होते, जा आणि क्लिंटनना मत द्या, म्हणजे यांची भांडणं लांबतील. त्यामुळे आमच्या बाजूच्या प्रत्येकाकडे जरा संशयानं बघितलं जायचं. मलासुद्धा एकानं हसत हसत विचारलं होतं, “तू खरी ना?” हसण्यावारी नेलं, पण ते लागलं होतं.

तर तेवढ्यात शेजारीणबाई उठली. म्हणाली, “ही सही केली ती म्हातारी माझ्या मागे उभी होती. चष्मा विसरली होती. हिलरीसाठी आले असं तिनं मला तीनदा सांगितलं. लिहा हिलरी.” तिच्याच बाजूचे लोक तिच्याकडे बघत राहिले. ती म्हणाली, “सांगितलं ते सांगितलं.” आकडा ७२ झाला. मग कुणीतरी कॅल्क्युलेटरवर गणित केलं. ७१ असो की ७२, वाटणी तीच येत होती: ओबामा १४, क्लिंटन ८. तो अर्धा तास आधी गणित केलं असतं तर वाचला असता. पण मग मला शेजारीणबाई कळली नसती.

आता दोन कोपऱ्यांत जाऊन आपापले प्रतिनिधी निवडायचे. ओबामांच्या कोपऱ्यात चौदा जागांना तीसेक माणसं, त्यामुळे तिथे भाषणं, हात वर, पुन्हा मोजणी. आमच्या कोपऱ्यात आठ जागा आणि उरलेली माणसं सहा. दोघांना फोन करून झोपेतून उठवून कळवलं की तुम्ही निवडून आलात. मीही अशीच निवडून आले, थांबले म्हणून. पावणेबाराला घरी आले तर नवरा जागा होता. म्हटलं, “प्रतिनिधी झाले.” तो म्हणाला, “मी पर्यायी प्रतिनिधी तरी?” त्याला मी सांगितलं की घरी गेलेल्यांना काही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल. प्रायमरीत क्लिंटन साधारण ५१ टक्के, ओबामा ४७. मी पेढे वाटायच्या बेतात. पण सभांच्या टप्प्यात ओबामा पुढे होते, आणि शेवटचा हिशोब लागला तेव्हा टेक्सासातून त्यांना ९९ प्रतिनिधी मिळाले, बाईंना ९४. मतं जास्त आणि प्रतिनिधी कमी! वडिलांना हे मात्र पहिल्या फटक्यात कळलं. “जिल्हा परिषदेसारखंच आहे की.”

मार्चपासून जो सूर सुरू झाला तो मला सगळ्यात झोंबला. पेपरात, टीव्हीवर, ऑफिसात, भांडी घासताना: गणित जुळत नाही, बाईंनी आता थांबावं, पक्षाच्या एकजुटीसाठी माघार घ्यावी. मला का झोंबलं ते नवऱ्याला सांगायला मला वीस वर्षं मागे जावं लागलं.

माझ्या काकानं गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत अर्ज भरला होता. गावची परंपरा बिनविरोधची. माघारीच्या आदल्या रात्री गावातली वडीलधारी मंडळी आमच्या ओसरीवर बसली. चहावर चहा. “गावाच्या ऐक्यासाठी,” “दुफळी नको,” “पुढच्या खेपेला तुझंच.” आई आत स्टोव्हला पंप मारत होती, मी कपबशा विसळत होते. पहाटे काकानं सही केली. दोन दिवसांनी पेपरात चौकट: सोसायटी बिनविरोध, गावाचा आदर्श. काका त्यानंतर चार-पाच वर्षं पारावर बसला नाही. त्याला किती मतं पडली असती, हे कुणालाच कधी कळलं नाही. कदाचित तो आपटलाच असता. पण ते कळायला हवं होतं.

नवरा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “तुझ्या काकाला ओबामाशी लढायचं नव्हतं.” आम्ही दोन दिवस बोललो नाही.

२९ मार्चला तिसरा हेलपाटा. आमच्या मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांचे प्रतिनिधी एका मोठ्या सभागृहात. शेजारीणबाईही प्रतिनिधी होती. “दोन गाड्या कशाला?” म्हणून तिच्याच गाडीतून गेलो. सकाळी सुरू व्हायची ती सभा दुपारी सुरू झाली, कारण कोण खरा प्रतिनिधी आणि कोण नाही, याच्या छाननीत तास गेले. एका केंद्राच्या सह्यांचे कागदच सापडेनात. खाण्याचे स्टॉल बाराला रिकामे. मी सवयीनं धपाटी आणि शेंगाचटणी नेली होती. तिनं पहिला घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, दुसरा मागून घेतला. तिथं त्या खुर्च्यांवर, सात तासांत, तिनं मला सांगितलं की तिच्या आईला मत द्यायचं तर आधी पोल टॅक्स भरावा लागायचा, आणि त्याची पावती ती बायबलमध्ये ठेवायची. “मी आज ओबामासाठी बसले नाही,” ती म्हणाली आणि थोडं थांबून, “बरं, बसले आहे. पण तिच्यासाठीही.”

मग तिनं विचारलं, तू का हिलरीसाठी? मी विम्याची गोष्ट सांगितली. तिनं वाद घातला नाही. नवऱ्यापेक्षा हे बरं, असं माझ्या मनात आलं. संध्याकाळी राज्य अधिवेशनासाठी तिची निवड झाली, माझी नाही झाली. परतताना दोघींच्याही अंगात बोलायचं त्राण नव्हतं.

पुढचे महिने मी टीव्हीवरच काढले. ३१ मेची वॉशिंग्टनमधली नियम समितीची बैठक मी पूर्ण बघितली, असा माणूस ह्यूस्टनच्या मराठी मंडळींत दुसरा सापडायचा नाही. फ्लोरिडा आणि मिशिगननं ठरल्या तारखेआधी निवडणूक घेतली म्हणून त्यांचे प्रतिनिधी बाद केले होते. त्या दिवशी तोडगा निघाला की सगळ्यांना घ्यायचं, पण प्रत्येकाला अर्धंच मत. मिशिगनच्या मतपत्रिकेवर तर ओबामांचं नावच नव्हतं, त्यांनी काढून घेतलं होतं. तरी वाटणीत त्यांनाही प्रतिनिधी मिळाले. मी रागानं रिमोट सोफ्यावर आपटला.

७ जूनला बाईंनी निवडणूक सोडली. वॉशिंग्टनच्या त्या भाषणात त्यांनी बायकांना वर जाऊ न देणाऱ्या काचेच्या छताला गेलेल्या एक कोटी ऐंशी लाख तड्यांचा, म्हणजे त्यांना पडलेल्या मतांचा, उल्लेख केला. त्यांतला एक माझा. दुपारभर मी रडले आणि संध्याकाळी वरणभाताचा कुकर लावला. नवऱ्यानं त्या दिवशी भांडी न बोलता घासली. महिनाअखेरीला दोघांची पहिली एकत्र सभा न्यू हॅम्पशायरातल्या ‘युनिटी’ नावाच्या गावात झाली. तिथे प्रायमरीत दोघांनाही बरोबर १०७ मतं पडली होती. नाव बघून, आकडा बघून गाव निवडलं! असली जुळवाजुळव आपल्या पुढाऱ्यांनाही सुचायची नाही. तिकडे चिडलेल्या क्लिंटन समर्थकांनी ‘प्यूमा’ नावाचा गट काढला होता. त्या अक्षरांचा अर्थ इथे लिहिण्यासारखा नाही, पण भावार्थ ‘गेली तुमची एकजूट उडत’ असा. खोटं कशाला बोलू, जुलैचे पंधरा दिवस मीही मनानं त्यांच्यात होते. रिपब्लिकन उमेदवार मॅकेनना मत द्यायचा विचार नाही आला, पण घरी बसायचा आला.

ऑगस्टच्या शेवटी डेन्व्हरचं अधिवेशन. मंगळवारी बाईंनी भाषणात समर्थकांनाच विचारलं, तुम्ही या लढाईत फक्त माझ्यासाठी होतात का? प्रश्न मला होता. उत्तर मात्र चटकन देता येईना. बुधवारी संध्याकाळी राज्यवार मतमोजणी सुरू झाली. बाईंचं नाव रीतसर मांडलेलं होतं, आणि मी कागदावर आकडे लिहीत बसले होते. न्यू मेक्सिकोनं आपली पाळी इलिनॉयला दिली, इलिनॉयनं न्यूयॉर्कला, आणि न्यूयॉर्कच्या घोळक्यात बाई स्वतः उभ्या. त्यांनी मोजणी थांबवून ओबामांना एकमुखानं उमेदवार करण्याचा ठराव मांडला. आवाजी मतदान झालं, सभागृह दणाणलं, आणि माझ्या कागदावरची बेरीज अर्धी राहिली.

पुन्हा बिनविरोध! माझा पहिला विचार हाच. ओसरी, चहा, काका. मी फोन कार्ड काढून गावी फोन लावला. तिकडे पहाट होती. काकाच उठलेला होता, धार काढायला निघालेला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं एकच विचारलं, “समद्या राज्यांत लढली का ती?”

“हो काका. शेवटपर्यंत. जूनपर्यंत.”

“आन् मतं मोजली तिची?”

“मोजली.”

“मग माघार कुठली ही?” म्हणाला आणि म्हैस ओरडते म्हणून फोन ठेवला.

१३ सप्टेंबरला आईक वादळ आलं. गॅल्व्हेस्टनला धडकून आमच्यावरून गेलं, आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आमची अकराव्या दिवशी आली. दोन्ही पाट्या, मी न काढलेली आणि नवऱ्यानं न काढलेली, उडून कुठे गेल्या ते कळलं नाही. आमचं सामाईक कुंपण आडवं झालं. शेजारीणबाईच्या फ्रीजरमधलं मटण आणि आमच्या फ्रीजरमधलं सगळं, आमच्या कॅम्पिंगच्या गॅसच्या शेगडीवर एकत्र शिजलं. रात्री मेणबत्तीत ती, मी, नवरा आणि मुलगा पत्ते खेळायचो. त्या अकरा दिवसांत निवडणुकीचं नावही कुणी काढलं नाही.

कुंपण मग पुन्हा घातलं, पण मध्ये एक फाटक ठेवलं.

२० ऑक्टोबरला आगाऊ मतदान सुरू झालं, आणि त्या आठवड्यात ती फाटकातून आली. “चलतेस?” टेक्सास मॅकेननाच जाणार हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. झालंही तसंच. आत पुन्हा ती चकती. पहिल्याच पानावर सोय होती: एकदा दाबा, आणि वरपासून खालपर्यंत सगळी मतं एकाच पक्षाला. मी ती घेतली नाही. मला त्या एका नावावर स्वतः थांबायचं होतं. चकती फिरवली, ओबामा-बायडेन आलं, आणि मी थांबले. मार्चमध्ये थरथरला तसा हात थरथरला नाही. दाबलं. मग पुढचे न्यायाधीश, कॉन्स्टेबल, आणखी न्यायाधीश, एकेक करत शेवटच्या पानापर्यंत गेले.

बाहेर ती गाडीत एसी लावून बसली होती. “केवढा वेळ लावलास! मला तर दोन मिनिटं लागली.”

“न्यायाधीश फार होते,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि गाडी सुरू केली.